आधी तपासा, मग तोडा!

एप्रिल-मे हे आपल्याकडे घरांच्या डागडुजीचे महिने. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, पावसाळा तोंडावर आलेला असतो आणि ज्याला त्याला आपले छप्पर, आपली मोरी व आपला सज्जा एकाएकी आठवू लागतो. मुंबईच्या कोणत्याही जुन्या वस्तीतून या दिवसांत सकाळी फेरफटका मारावा, तर एका घरापुढे वाळू-विटांचा ढीग आणि दुसऱ्या घरावर पत्रे उचकटल्याचा खडखडाट हा ठरलेलाच. 'घर पाहावे बांधून' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी केली, तेव्हा चांगले घर मोडून ते दर दहा वर्षांनी पुन्हा बांधण्याचा आजचा हव्यास त्यांच्या स्वप्नातही नसावा.

या खटाटोपात घरमालक काय काय पाहत नाही? तो फरशीचा रंग पाहतो, ओट्याच्या ग्रॅनाइटची जाडी पाहतो, नळाच्या तोट्यांवरील छाप पाहतो. काम सुरू करण्यास दिवस बरा आहे की नाही, हेही पंचांगात पाहतो. पाहत नाही ती एकच गोष्ट. जे आपण फोडावयास निघालो आहोत ते कशाचे बनलेले आहे? हा प्रश्न आज आम्ही पहिल्या पानावर विचारीत आहोत. राजकारणाची एवढी धामधूम चालू असताना हे पत्र्या-पाइपांचे पुराण येथे कशाला, असे काही वाचकांस वाटेल. मंत्री येतात नि जातात. छातीत शिरलेला ॲस्बेस्टॉसचा तंतू मात्र जात नाही, एवढेच त्यांना आमचे उत्तर आहे.

ॲस्बेस्टॉस हे कारखान्यात तयार केलेले रसायन नव्हे. ते जमिनीत सापडणारे खनिज आहे. दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा आणि सुतासारखा विणता येणारा दगड! तो जळत नाही, कुजत नाही, उष्णता रोखतो आणि ज्यात मिसळावा त्याला बळकटी देतो. इतके गुण एका ठिकाणी आणि तेही स्वस्तात मिळाल्यावर विसाव्या शतकाने त्याला डोक्यावर घेतले यात नवल नाही. आमच्या बाबतीत तर ते अक्षरशः खरे आहे. आपण ज्याला बोलताना 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, त्या पन्हळी पत्र्यात सिमेंटबरोबर साधारण दहा टक्क्यांच्या आसपास पांढरा ॲस्बेस्टॉस म्हणजे क्रिसोटाइल असतो. पागोळ्यांचे पाणी उतरविणारे नळ, संडास-मोरीचे उभे जुने पाइप, माळ्यावरील वा गच्चीवरील जुनी टाकी, खिडकीवरची झाप, कचेऱ्यांतून छताखाली लावलेले तक्ते, वाफेच्या नळांभोवतीचे लिंपण, जुन्या विनाइल फरशा व त्यांच्या खालचा चिकटा, अशा नाना ठिकाणी तो बसलेला असू शकतो. जोवर तो सिमेंटमध्ये घट्ट आहे आणि पत्रा धडधाकट आहे, तोवर त्याच्यापासून भय थोडे. घाबरून जाऊन उद्याच छप्पर उतरवू लागावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. तसे करणे हाच खरा धोका!

कारण हा शत्रू जागा होतो तो फोडल्यावर. पत्र्यावर हातोडा बसला, पाइपावर ग्राइंडर फिरला, तक्त्याला ड्रिलने भोक पाडले की तंतू मोकळे होतात. हे तंतू माणसाच्या केसाहून कितीतरी पटींनी बारीक. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत, त्यांनी घसा खवखवत नाही की डोळे चुरचुरत नाहीत. तासन् तास हवेत तरंगत राहावे आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी तळाशी जाऊन बसावे, हा त्यांचा धर्म. शरीर त्यांना विरघळवून टाकू शकत नाही. पुढे कित्येक वर्षांनी कोणाचे फुप्फुस घट्ट होत जाते आणि दम लागू लागतो, तो ॲस्बेस्टोसिस. कोणाला फुप्फुसाचा कर्करोग होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास त्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. कोणाच्या फुप्फुसावरील वा पोटाच्या आवरणाला मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो आणि तो झाल्यावर वैद्यकाचे फारसे काही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने सर्व जातींचा ॲस्बेस्टॉस कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातलेला आहे. निळा घातक आणि पांढरा निरुपद्रवी, असा सोयीस्कर भेद तिने केलेला नाही.

श्वास आणि रोग यांच्यामध्ये वीस, तीस, कधी चाळीस वर्षे जातात, ही या प्रकरणातील सर्वांत फसवी गोष्ट आहे. विंचू चावला तर माणूस त्याच क्षणी ओरडतो. पण १९९० साली पत्रा कापणारा माणूस २०२५ साली इस्पितळात दाखल होतो, तेव्हा त्याला तो पत्रा आठवतही नाही. 'आमच्या वडिलांनी आयुष्यभर पत्रे बसविले, त्यांना काही झाले नाही,' असे कंत्राटदार छातीठोकपणे सांगतात, त्याचे मूळ या विलंबात आहे. ज्यांना काही झाले ते सांगावयास उरलेले नसतात, आणि उरले तरी कशाने झाले हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हे ज्ञान नवे असते तर अज्ञानाची सबब चालली असती. इंग्लंडात रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करणारी नेली केर्शॉ ही स्त्री १९२४ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली आणि तिच्या फुप्फुसांत काय सापडले, हे त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. १९३१ साली ब्रिटनने कारखान्यांतील धुळीसंबंधी नियम केले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केप प्रांतातील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण जगापुढे मांडले. त्यांतील कित्येकांनी खाणीत कधी पाऊलही टाकलेले नव्हते. ते केवळ त्या भागात राहिलेले, तेथील धुळीत लहानपणी वावरलेले लोक होते. म्हणजे रोग कामगारापाशी थांबत नाही, शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो, हे साठाहून अधिक वर्षांपूर्वीच सिद्ध झाले. तरीही ब्रिटनने निळ्या व तपकिरी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली ती १९८५ साली आणि पांढऱ्यावर १९९९ साली. पहिल्या नियमांपासून अखेरच्या बंदीपर्यंत अडुसष्ट वर्षे! त्या दिरंगाईची किंमत तो देश आजही चुकवीत आहे. तेथे जुन्या ॲस्बेस्टॉसमुळे दरवर्षी सुमारे ५,००० माणसे मरतात, असे त्यांचेच सरकारी आरोग्य-सुरक्षा खाते सांगते.

उशिरा का होईना, त्या देशांनी घरदुरुस्तीच्या बाबतीत एक शहाणपणाची पद्धत घालून घेतली. ब्रिटनमध्ये इमारतीची मोडतोड वा मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी ज्या भागाला हात लावावयाचा तो आतून उघडून तपासावा लागतो. २००० सालापूर्वीची इमारत असेल, तर ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच चालतात. जपानात एप्रिल २०२२ पासून ठराविक आकाराच्या वा खर्चाच्या कामांपूर्वी तपासणीचा निष्कर्ष सरकारला कळवावा लागतो, आणि ऑक्टोबर २०२३ पासून इमारतींची ही तपासणी शिकलेल्या माणसानेच करावी असा दंडक आहे. अमेरिकेत चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या घराला केंद्रीय तपासणीच्या नियमातून वगळले आहे, ही त्या कायद्यातील मोठीच फट म्हटली पाहिजे. सर्वत्र कागदावरचे व्यवहारात उतरते असेही नाही. परंतु आधी तपासावे आणि मग तोडावे, हे तत्त्व तरी तेथे वादाच्या पलीकडे गेलेले आहे.

आमच्याकडे काय स्थिती आहे? १९८६ साली सरकारने ॲस्बेस्टॉसचे नवे खाणपट्टे देणे थांबविले. ठीक झाले! पण जे खनिज आपल्या मातीतून काढणे इष्ट वाटले नाही, ते परक्या मातीतून जहाजे भरभरून आणण्यास कोणाची हरकत नव्हती. अलीकडच्या वर्षांत आपण दरसाल तीन लाख टनांहून अधिक ॲस्बेस्टॉस बाहेरून आणला आहे, त्यातील मोठा वाटा रशियाचा, आणि त्याचे बहुतेक पत्रेच होतात. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांसंबंधी एक थोर निकाल दिला. कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामास लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपून ठेवा, त्याचा विमा उतरवा, असे त्या निकालाने बजावले. रोग किती उशिरा उगवतो याची न्यायालयाला पुरती जाण होती, हे त्या चाळीस वर्षांच्या आकड्यावरूनच दिसते. पुढे संपूर्ण बंदीची मागणी करणारी याचिका २०११ साली त्याच न्यायालयाने फेटाळली. आता या निकालांचा आधार कोणाला? ज्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर आहे त्याला. घाटकोपरच्या वा अंधेरीच्या नाक्यावर सकाळी उभा राहणारा आणि दिवसाच्या मजुरीवर तुमच्या घरचा पाइप फोडणारा बिगारी कोणत्याही हजेरीपटावर नाही. त्याची छाती कोणी तपासावयाची आणि त्याची नोंद चाळीस वर्षे कोणी ठेवावयाची? घरदुरुस्तीपूर्वी ॲस्बेस्टॉसची तपासणी सक्तीची करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाहीच.

येथे एक विपरीत गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. ब्रिटिश गृहस्थाला निदान घराच्या वयावरून तर्क करता येतो. आपल्याला तोही आधार नाही. आपल्याकडे बंदी झालेली नसल्यामुळे 'अमुक सालानंतरचे घर निर्धोक' अशी रेघ ओढता येत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या चाळीवर जसा तो पत्रा असेल, तसाच गेल्या वर्षी बांधलेल्या पार्किंगच्या शेडवरही असेल. उलट आता ॲस्बेस्टॉसविरहित पत्रेही बाजारात मिळतात आणि ते दिसावयास हुबेहूब तसेच असतात. तेव्हा डोळ्यांनी पाहून, बोटाने टिचकी मारून किंवा दुकानदाराच्या शपथेवर विसंबून हे ओळखता येत नाही. मुकादमाचा अनुभव येथे कवडीमोल आहे. म्हणजे ज्या देशात बंदी नाही, त्या देशातच तपासणीची गरज अधिक. आणि नेमकी तेथेच ती होत नाही.

ही तपासणी म्हणजे काही दिव्य नव्हे. ज्या ज्या वस्तूला काम चालू असताना हात लागणार आहे, तिचा नाण्याएवढा तुकडा पूर्ण जाडीसह घ्यावा लागतो; पत्र्याचा वेगळा, पाइपाचा वेगळा, फरशीचा व तिच्या चिकट्याचा वेगळा. एका तुकड्याचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू पडत नाही. तुकडा काढताना पंखा बंद, खाली प्लास्टिक अंथरलेले, जागा साबणाच्या पाण्याने भिजवलेली, आणि तुकडा निघताच ती जागा रंगाने वा चिकटपट्टीने बंद केलेली असावी. नमुना दोन पिशव्यांत एकात एक घालून, बंद करून, वर नाव लिहून प्रयोगशाळेत जातो. हे काम माहितगाराकडूनच करून घ्यावे, घरच्या मुलाच्या हाती पक्कड देऊन नव्हे. प्रयोगशाळेत ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची जात ओळखतात आणि प्रमाणाचा अंदाज देतात. जुन्या विनाइल फरशांतील अतिसूक्ष्म तंतूंसाठी कधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. प्रयोगशाळेस राष्ट्रीय मान्यता आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. त्या मान्यतेत हीच चाचणी अंतर्भूत आहे ना, ते कागद मागून पाहावे. आणि काम सुरू होण्यापूर्वी नुसती हवा तपासून भागत नाही. पत्रा शाबूत असताना हवा स्वच्छच दिसणार!

तुकड्यात ॲस्बेस्टॉस निघाला तर? तर पहिला विचार असा करावा की त्या वस्तूला हात लावल्यावाचून काम होईल काय? अनेकदा होते. पाइप तसाच ठेवून नवा शेजारून नेता येतो. तक्त्यावर दुसरे आच्छादन घालता येते. काढणे अटळच असेल, तर पत्रा भिजवावा, त्याचे आकडे व बोल्ट सोडवून तो अखंड खाली उतरवावा, वरून फेकू नये. ग्राइंडर नको, कोरडा झाडू नको. काम करणाऱ्याच्या नाकावर सूक्ष्म तंतू अडविणारा योग्य प्रतीचा मुखवटा हवा. खांद्यावरचा गमछा तोंडाला गुंडाळल्याने मनाचे समाधान होते, तंतू अडत नाहीत. उतरलेला माल जाड प्लास्टिकमध्ये बांधावा. आणि कामाचे कपडे त्याने घरी नेऊ नयेत. नवऱ्याचे कपडे धुता धुता बायकांनी हा रोग ओढवून घेतल्याची उदाहरणे परदेशांत भरपूर नोंदलेली आहेत.

वाचकहो, या विषयातील आमच्या मनाला सर्वांत टोचणारी बाजू हीच आहे. सुशिक्षित गृहस्थ आपल्या कुटुंबाची काळजी घेतोच. काम चालू असताना मुलांना आजोळी पाठवितो, दारांवर पडदे सोडतो, शेवटी सगळे घर धुऊन काढतो. तो धुरळा ज्याच्या डोक्यावर, पापण्यांवर आणि शर्टावर बसून रात्री झोपडीत जातो, त्याला मात्र कोणी काही सांगत नाही. अंगाला लागलेला चुना झटकावा तसा तो ती धूळ झटकतो, आणि शेजारी त्याचे मूल खेळत असते. लाखो रुपये खर्चून स्वयंपाकघर नवे करणाऱ्या घरात तपासणीचा खर्च 'उगीचचा' ठरतो, याला गरिबी म्हणता येणार नाही. याला आम्ही बेफिकिरी म्हणतो.

पत्र्याच्या बाजूनेही बोलावयाचे आहे ते बोलले पाहिजे. हा गरिबाचा पत्रा आहे, हे खरे. लोखंडी पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, कौले महाग झाली, स्लॅब आवाक्याबाहेर. अशा स्थितीत ज्याच्या डोक्यावर केवळ हेच छप्पर आहे, त्याला दुसरे दिल्यावाचून ते काढ म्हणणे हा निर्दयपणा होईल. सिमेंटमध्ये बांधलेला तंतू बाहेर पडत नाही, असे पत्र्याचे उत्पादक म्हणतात. पत्रा नवा असेपर्यंत आणि त्याला कोणी हात लावीत नाही तोवर हे बरेचसे खरेही आहे. पण मुंबईचा पाऊस पत्र्याचा पृष्ठभाग वर्षानुवर्षे खातो, वांदरे त्यावर उड्या मारतात, आणि शेवटी एक दिवस माणूस हातोडा घेऊन वर चढतोच. पत्रा कधीच तुटणार नाही असे गृहीत धरून केलेला युक्तिवाद तुटलेल्या पत्र्याला कसा लागू पडावा?

उतरलेला पत्रा जातो कोठे, हे पाहिले म्हणजे तर शरमेने मान खाली जाते. रात्री टेम्पोत भरून खाडीच्या काठी, खारफुटीत किंवा एखाद्या मोकळ्या भूखंडावर हा राडारोडा ओतला जातो. त्यातले धड तुकडे दुसरा कोणी गरीब उचलून नेतो आणि आपल्या झोपडीवर ठोकतो. घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी केंद्रे महाराष्ट्रात आहेत. तळोज्याला आहे, रांजणगावला आहे. पण ती मुख्यतः कारखान्यांच्या कचऱ्यासाठी उभी राहिलेली. दोन पत्रे आणि एक पाइप घेऊन दादरचा गृहस्थ तेथे कसा पोहोचणार? विभागवार संकलनाची व्यवस्था महापालिकेनेच केली पाहिजे.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. इमारत पाडण्याची वा मोठ्या दुरुस्तीची परवानगी देताना महापालिकेने ॲस्बेस्टॉस-तपासणीचा अहवाल अर्जासोबत मागावा. पुनर्विकासाच्या नावाने या शहरात इमारतींमागून इमारती भुईसपाट होत आहेत. प्रत्येक बिल्डरकडून हा कागद घेणे अवघड नाही, आणि त्याचा खर्च त्या व्यवहाराच्या मानाने नगण्य आहे. शहरातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांपैकी निदान एकात माफक शुल्कात नमुने तपासून मिळण्याची सोय राज्य सरकारने करावी. आणि बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडे नोंद झालेल्या प्रत्येकाला हा पत्रा कसा हाताळावा, याचे एक दिवसाचे शिक्षण त्याच्या भाषेत मिळावे.

सरकार हलेपर्यंत सहकारी गृहनिर्माण संस्थांनी वाट पाहण्याचे कारण नाही. सभासदाने घराचे काम काढले की संस्था त्याच्याकडून अनामत रक्कम घेते, दुपारी दोन ते चार ठोकाठोक करू नये म्हणून बजावते, लिफ्टमधून वाळूची पोती नेऊ नयेत असा फलक लावते. दुपारच्या झोपेची जी काळजी घेतली जाते, ती शेजाऱ्याच्या फुप्फुसाची घ्यावयास हरकत नसावी. त्याच अर्जात एक रकाना वाढवावा: 'जे पाडावयाचे आहे त्याची तपासणी केली काय? अहवाल सोबत जोडा.' पक्का ठराव सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सभेत करता येईल. पण पत्रे उतरणार आहेत ते जूनच्या आत, तेव्हा चिटणिसांनी सूचनाफलकावर एक कागद याच आठवड्यात लावावा.